आयडा वादळ आखातात शिरतंय: तेलविहिरी, रिफायनऱ्या आणि थांबायची वेळ

खाडीकाठ | २७ ऑगस्ट २०२१, रात्री ९.४०, ह्यूस्टन (वेळा ज्याच्या त्याच्या गावच्या)

मंडळी,

आयडा आत्ताच क्यूबाचं पश्चिम टोक ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरतंय. ऑगस्टअखेर आखाताचं पाणी तापलेलं असतं, आणि इथून लुइझियानापर्यंत वाटेत अडवायला जमीन नाही. राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या अंदाजाप्रमाणे रविवारी ते किनाऱ्याला लागेल. रविवारी २९ ऑगस्ट. सोळा वर्षांपूर्वी कॅटरिना याच तारखेला आलं होतं.

मी त्याच वर्षी इथे नोकरीला आलो. किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये बसून समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मचे दाब, तापमान, प्रवाह बघायचे हे माझं काम. त्या प्लॅटफॉर्मवर मी आयुष्यात चारदाच गेलोय, पण तिथला प्रत्येक पंप मला आकड्यांवरून ओळखू येतो. आज दुपारपासून ते आकडे एकेक करून शून्यावर येताहेत. आम्हीच आणतोय.

वाटेत काय काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या कच्च्या तेलाचा साधारण सहावा-सातवा हिस्सा या आखातातून निघतो. खोल पाण्यातल्या प्लॅटफॉर्मना जेवणापासून ड्रिल पाइपपर्यंत सगळं पुरवणारं बंदर म्हणजे पोर्ट फोरशॉन. दलदलीच्या टोकावर, समुद्राच्या पातळीला लागून. अंदाजाच्या नकाशावर बाणाचं टोक आत्ता नेमकं तिकडेच आहे. त्याच्या पलीकडे समुद्रात लूप हे तेलबंदर, जिथे महाकाय टँकर उभ्या उभ्या रिकामे होतात. आणि आत मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी न्यू ऑर्लिन्सपासून बॅटन रूजपर्यंत रिफायनऱ्यांची रांग.

विहीर बंद करणं सोपं असतं. नळीत समुद्रतळाच्या खाली एक झडप असते, ती वरून दाब देऊन उघडी धरलेली असते. वरचा दाब गेला की आपोआप मिटते. खोल पाण्यातल्या लाइनी थंड होऊन आत गॅस आणि पाण्याचं बर्फासारखं गोठण धरू नये म्हणून त्यांत मिथेनॉल सोडायचं, एवढं वेळखाऊ. अवघड आहे ते कधी बंद करायचं हे ठरवणं. मला या धाग्यात त्याबद्दलच बोलायचंय. लुइझियानात कुणाची माणसं असतील तर इथे लिहा. बॉम्बे हायवर काम केलेल्यांनीही लिहा. मेमधल्या तौक्ते चक्रीवादळाला अजून साडेतीन महिनेही झाले नाहीत.

---

प्रश्नचिन्ह | २८ ऑगस्ट, सकाळी ९.१५, पुणे

धागा आवडला. शंका विचारतो, राग मानू नका. वादळ रविवारी दुपारी येणार आणि तुम्ही शुक्रवारीच विहिरी बंद केल्या? हे प्लॅटफॉर्म हरिकेनसाठीच बांधलेले असतात ना? दोन दिवस जास्तीचं उत्पादन बुडालं तर त्याची किंमत शेवटी पेट्रोलपंपावर आम्हीच देतो. मुंबईत पेट्रोलने शंभरी मे महिन्यातच ओलांडलीय.

---

खाडीकाठ | २८ ऑगस्ट, पहाटे ५.३०, ह्यूस्टन

राग कसला, हाच प्रश्न इथे दर वादळाला मीटिंगमध्ये निघतो.

उलटं मोजा. वादळ रविवारी दुपारी किनाऱ्याला लागणार. पण प्लॅटफॉर्म किनाऱ्याच्या अलीकडे, समुद्रात आहेत, त्यांना वारा आधी लागतो. प्लॅटफॉर्म टिकतो, चॉपर उडत नाही. शनिवारी दुपारनंतर लांबच्या प्लॅटफॉर्मवर चॉपर उतरवणं धोक्याचं, म्हणजे शेवटची फेरी शनिवारी सकाळची. विहिरी बंद करणारे शेवटच्या फेरीने येणार, म्हणजे बंद करायचं काम शुक्रवारी रात्रीपर्यंत संपलं पाहिजे. कूक, रंगारी, कंत्राटी माणसं त्याच्या आदल्या दिवशी. एका चॉपरमध्ये माणसं मोजकीच बसतात आणि सगळ्या कंपन्यांना चॉपर एकाच दिवशी हवं असतं. आयडाला नाव मिळालं गुरुवारी, आणि माणसं उतरवायला सुरुवात त्याच दिवशी झाली.

आता 'हरिकेनसाठी बांधलेले' याबद्दल. २००५ साली कॅटरिना आणि रीटा या दोघांनी मिळून ११३ प्लॅटफॉर्म नष्ट केले, ४५७ पाइपलाइनींचं नुकसान केलं. टायफून नावाचा एक तरंगता प्लॅटफॉर्म रीटानंतर उलटा सापडला. त्याच वर्षी जुलैमध्ये डेनिस वादळ गेल्यावर बीपीचा नवाकोरा थंडर हॉर्स एका अंगावर कललेला दिसला. दोष वाऱ्याचा निघाला नाही, तोल राखायच्या टाक्यांच्या पाइपांत चुकीची जोडणी होती. वर माणूस नसताना पाणी या टाकीतून त्या टाकीत गेलं. २००४ च्या आयव्हनने तर समुद्रतळावरचा चिखलच सरकवला, त्याबरोबर टेलर एनर्जीचा प्लॅटफॉर्म आडवा झाला आणि खालच्या विहिरी चिखलात गाडल्या गेल्या. तिथून २०१९ पर्यंत तेल उघड्या समुद्रात जात होतं.

इतकं सगळं मोडलं, पण त्या प्लॅटफॉर्मवर कुणी नव्हतं. दोन दिवसांचं तेल जमिनीखाली तसंच असतं, पुढच्या आठवड्यात काढता येतं.

---

निशिगंध | २८ ऑगस्ट, दुपारी १.१०, बॅटन रूज

मी लुइझियानातली. नवरा नदीकाठच्या एका रिफायनरीत राइड-आउट क्रूमध्ये, म्हणजे वादळभर आत थांबणाऱ्या तुकडीत आहे. आज सकाळी सोडून आले. स्लीपिंग बॅग, चार दिवसांचे कपडे, औषधं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय, त्या टिकतात. मुलांना घेऊन मी घरीच थांबलेय, बाथटब पाण्याने भरून ठेवलाय, गाडीत पेट्रोल आहे. आमच्या भागातल्या दोन पंपांवर कालच संपलं होतं.

खाडीकाठ दादा, मला एक समजावून सांगा. समुद्रातली सगळी माणसं आत आणली, मग रिफायनरीत माणसं का ठेवतात? तो म्हणतो काळजी करू नकोस, कंट्रोल रूम मजबूत आहे. मला त्याच्याकडून नकोय उत्तर, तो मला घाबरवणार नाही.

---

खाडीकाठ | २८ ऑगस्ट, दुपारी १.५५, ह्यूस्टन

निशिगंध ताई, सरळ सांगतो.

विहीर झडप मिटली की झोपते. रिफायनरी तशी झोपत नाही. साडेतीनशे अंशांच्या भट्ट्या, जड तेलाने भरलेले उंच मनोरे. ते सावकाश थंड करावे लागतात, दीड-दोन दिवस लागतात. घाई केली किंवा मध्येच वीज गेली तर जड तेल आतच डांबरासारखं बसतं, आणि गॅस फ्लेअरवर, म्हणजे उंच धुराड्याच्या टोकाला, जाळून टाकावा लागतो. सगळं बंद केल्यावरही वाफ, नायट्रोजन, पावसाच्या पाण्याचे पंप आणि फ्लेअरची ज्योत सांभाळायला माणूस लागतो. ह्यूस्टनजवळ २०१७ मध्ये हार्वीच्या पुरात क्रॉस्बीच्या रासायनिक कारखान्यात वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले, थंड ठेवावी लागणारी रसायनं तापली आणि पेटली. तिथल्या माणसांनी शेवटपर्यंत माल हलवायचा प्रयत्न केला आणि मग त्यांनाही बाहेर काढावं लागलं.

तुमच्या नवऱ्याची कंट्रोल रूम स्फोट सोसेल अशी बांधलेली असते, वाऱ्याला ती पुरून उरेल. मला खरी काळजी विजेची आणि पाण्याची वाटते. बॅटन रूज बरंच आत आहे, समुद्राचं पाणी तिथवर येणार नाही. वीज मात्र जाईल असं धरून चाला. फोन चार्ज करून ठेवा. काहीही वाटलं तरी इथे लिहा, मी जागाच आहे.

---

उरणकर | २९ ऑगस्ट, रात्री १२.५०, उरण

बॉम्बे हायवर २६ वर्षं काढली. १४ दिवस वर, १४ दिवस घरी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हा धागा सकाळपासून तीनदा वाचला, लिहू की नको ठरत नव्हतं.

प्रश्नचिन्ह, तुम्ही विचारलंत की दोन दिवस आधी का. तौक्तेत बुडालेल्या पी-३०५ ची गोष्ट सांगतो.

ती राहण्याची बार्ज होती. अशा बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. टगने ओढत न्यायची, नांगरांवर उभी करायची, आणि वर शेकडो माणसं राहतात: वेल्डर, फिटर, रिगर, कूक. हिरा फील्ड या तेलक्षेत्राजवळ होती. वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून येत होते. जवळच्या बऱ्याच बोटी बंदरात गेल्या. ही गेली नाही. १६ मेच्या रात्री नांगर तुटायला लागले, बार्ज वाहवत जाऊन एका प्लॅटफॉर्मला थडकली आणि १७ तारखेला संध्याकाळी बुडाली. वर २६१ माणसं. त्याच वादळात बुडालेल्या वरप्रदा टगवर १३ होती. दोन्ही मिळून ८६ गेली. आयएनएस कोची आणि बाकीच्या जहाजांनी रात्रभर त्या लाटांतून माणसं उचलली, म्हणून १८८ परत आली. नौदलाच्या त्या पोरांना माझा दंडवत.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर नंतर कित्येक दिवस मृतदेह लागत होते. मी पहाटे किनाऱ्यावर फिरायला जायचो, ते बंद केलं.

आता का गेली नाही. ज्याने बॉम्बे हायवर काम केलंय त्याला हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे समुद्रातलं बांधकाम चालतं पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत. मेचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे हंगामाचे शेवटचे दिवस. चार जोड मारायचे राहिले तर पुढचे पाच महिने ते तसेच राहणार. बार्जचं भाडं दिवसावर असतं. अशा वेळी 'बंदरात जा' म्हणणाऱ्याला विचारतात, वादळ तर बाजूने जाणार आहे, दोनशे किलोमीटर लांबून, कशाला? मीसुद्धा एकदा हे ऐकलंय. नव्वदच्या दशकात, मेअखेरीस. आम्ही थांबलो, वादळ लांबून गेलं, काही झालं नाही. तेव्हापासून समुद्रातच थांबायला सांगणाऱ्यांचं बळ वाढलं. मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला आज वाईट वाटतं.

निशिगंध ताई, तुमच्या माणसाला सुखरूप येऊ दे.

---

सोनचाफा | २९ ऑगस्ट, सकाळी ८.०५, चिपळूण

उरणकर काका, वाचताना घशाशी आलं.

मी २२ जुलैच्या पुरातून अजून सावरतेय, त्यामुळे पाण्याचंच विचारते. आमच्या गल्लीतून घरगुती गॅसचे सिलिंडर तरंगत गेले. रिकामे जातील हे ठाऊक होतं, पण आमचा तर त्याच आठवड्यात आलेला, सील न फोडलेला सिलिंडरही वर आला. किनाऱ्यावरच्या त्या प्रचंड टाक्यांचं काय होतं? त्या तर लोखंडाच्या, तेलाने भरलेल्या.

---

खाडीकाठ | २८ ऑगस्ट, रात्री ११.२०, ह्यूस्टन

सोनचाफा, अगदी तेच होतं. भरलेल्या सिलिंडरचं वजन साडेएकोणतीस किलोच्या आसपास, आणि तो पाणी सारतो पस्तीसेक लिटर. आतला गॅस पाण्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा. म्हणून तरंगतो.

टाकीचं गणित करून बघा. ६० मीटर व्यासाची टाकी घ्या. बाहेर २ मीटर पाणी चढलं की ते तिला साडेपाच हजार टनांहून जास्त जोराने वर उचलतं. टाकीचं स्वतःचं पोलाद त्याच्या पाव हिश्श्याचंही नसतं. घागर रिकामी असेल तर विहिरीत बुडत नाही, तसं. म्हणजे आत वजन हवं, आणि तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे बाहेर जेवढं पाणी येणार तेवढी आत तेलाची पातळी ठेवावीच लागते. म्हणून वादळाआधी चार टाक्यांत थोडं थोडं ठेवण्याऐवजी तेल फिरवून मोजक्या टाक्यांत जास्त भरून घेतात, आणि गरज पडली तर उरलेल्या टाकीत चक्क पाणी भरतात.

कॅटरिनात न्यू ऑर्लिन्सजवळ मेरोच्या मर्फी रिफायनरीत अडीच लाख पिंपांच्या टाकीत सुमारे ६५ हजार पिंपं होती. पूर आला, टाकी उचलली गेली, जागची सरकली, फुटली. २५ हजारांवर पिंपं कच्चं तेल पुराच्या पाण्यावरून शेजारच्या वस्तीत गेलं. सुमारे १,८०० घरांत. चिखल धुऊन निघतो, कच्चं तेल भिंतीत शिरतं. लोकांची घरं उभी होती आणि राहता येत नव्हती.

पावसाचंही तसंच. मोठ्या टाक्यांचं छप्पर तेलावर तरंगणारं असतं. हार्वीच्या पावसात काही छपरांवर इतकं पाणी साचलं की ती एका बाजूला बुडाली आणि तेल उघडं पडलं.

आयडा झपाट्याने जोर धरतंय. उद्या सकाळपर्यंत काय होईल ते बघून लिहितो.

---

खाडीकाठ | २९ ऑगस्ट, दुपारी १२.४०, ह्यूस्टन

लागलं. पोर्ट फोरशॉनवरच, बाराला पाच मिनिटं कमी असताना. ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वारा.

२८८ प्लॅटफॉर्म रिकामे. आखातातलं ९५ टक्क्यांहून जास्त तेल बंद, रोजची सुमारे १७ लाख पिंपं. ह्यूस्टनहून पूर्वेकडे पेट्रोल-डिझेल नेणारी कलोनियल पाइपलाइनही खबरदारी म्हणून थांबवलीय. आमची सगळी माणसं किनाऱ्यावर परत आली आहेत, मी एकेकाचं नाव यादीवर खूण करून बघितलं.

निशिगंध ताई, आहात का?

---

मीठमिरची | २९ ऑगस्ट, रात्री ११.३०, मुंबई

इथून बातम्या बघतेय. न्यू ऑर्लिन्सजवळ बेल चॅसपाशी मिसिसिपी काही वेळ उलटी वाहिली म्हणे. समुद्राने नदीच मागे ढकलली. ताई, जमेल तेव्हा एक शब्द टाका.

---

प्रश्नचिन्ह | ३० ऑगस्ट, सकाळी १०.२०, पुणे

उरणकर काका, तुमचं लिहिलेलं काल घरात मोठ्याने वाचून दाखवलं. माझा प्रश्न बदललाय. हा निर्णय कुणाच्या हातात असतो? बार्जच्या कप्तानाच्या, कंपनीच्या, की भाडं देणाऱ्याच्या?

---

उरणकर | ३० ऑगस्ट, दुपारी ४.००, उरण

कायद्याने बोटीवरच्या माणसांची जबाबदारी मास्टरची, म्हणजे कप्तानाची. पण इंजिन नसलेली बार्ज मास्टर एकटा हलवू शकत नाही. टग लागतो, टग दुसऱ्याचा. नांगर उचलायला बोट लागते, ती तिसऱ्याची. काम थांबवल्याचे पैसे कोण देणार हे चौथा ठरवणार. चार फोन होईपर्यंत लाटा वाढतात आणि मग नांगर उचलणारी बोट जवळच येऊ शकत नाही. त्या क्षणी निर्णय कुणाच्याच हातात राहत नाही.

म्हणून मी म्हणतो, आकडा आधी लिहून ठेवा. वादळ इतक्या अंतरावर आलं की बार्ज निघणार. फोन नाही, विचारणं नाही.

---

खाडीकाठ | ३० ऑगस्ट, सकाळी ७.१०, ह्यूस्टन

काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. इथे असे टप्पे लेखी असतात, तरी घोळ होतो. या वेळीच एक ड्रिलिंग जहाज विहिरीपासून वेळेत सुटून लांब जाऊ शकलं नाही, वादळात सापडलं. त्याचे रायझरचे, म्हणजे जहाजापासून खाली विहिरीपर्यंत जाणारे, पाइप सुटून समुद्रतळाला गेले. माणसं वाचली. आणि एप्रिलमध्ये याच पोर्ट फोरशॉनहून निघालेली सीकोर पॉवर ही लिफ्टबोट (समुद्रतळावर पाय टेकवून उभी राहणारी बोट) वादळी वाऱ्यात उलटली. १९ जण होते, सहा वाचले. हरिकेन नव्हतंच, दुपारचं वादळ. शेवटचा आकडा कळला त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

---

निशिगंध | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५, बॅटन रूज

आहे मी. वीज नाही, फोन शेजाऱ्यांच्या गाडीत चार्ज केला. तो सुखरूप आहे, आज दुपारी दहा मिनिटं बोललो. वादळ थोडं पूर्वेला वळलं म्हणून आम्ही वाचलो. न्यू ऑर्लिन्सला वीज नेणाऱ्या आठही मोठ्या लाइनी पडल्यात, एक मनोरा नदीत आहे.

रविवारी रात्री खिडकीतून नदीच्या दिशेला फ्लेअरचा उजेड ढगांवर दिसत होता. एरवी मला ती ज्योत बघवत नाही. त्या रात्री दर थोड्या वेळाने उठून ती आहे ना बघत होते, कारण ती जळतेय म्हणजे आत कुणीतरी काम करतंय.

त्यांचे अजून सहा दिवस तरी जातील. बदलीची माणसं यायला रस्ते मोकळे नाहीत, आणि बदलीच्या कितीतरी जणांची घरंच गेलीत. ग्रँड आयल बेटावर एकही घर धड राहिलं नाही असं ऐकते. ज्यांनी रिफायनरी सांभाळली त्यांच्या घराचं छप्पर कोण बघणार, हे कुणी बोलत नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मुलांनाही वाचून दाखवले.

---

मीठमिरची | १ सप्टेंबर, सकाळी ७.००, मुंबई

हुश्श. ताई, काळजी घ्या.

---

खाडीकाठ | १२ नोव्हेंबर २०२१, रात्री ९.००, ह्यूस्टन

धागा वर काढतोय, काही गोष्टी आता स्पष्ट झाल्यात.

बेल चॅसची अलायन्स रिफायनरी, रोज अडीच लाख पिंपांची, बांध फुटून पाण्याखाली गेली होती. फिलिप्स ६६ ने आता जाहीर केलंय की ती पुन्हा चालू करणार नाहीत, तिथे फक्त साठवणुकीचं टर्मिनल होईल. शेकडो लोकांची नोकरी त्यात गेली. माझा तिथला एक जुना सहकारी टेक्ससमध्ये काम शोधतोय.

आणि समुद्रात गंमत बघा कशाला म्हणू, दुःखच आहे: शेलचे मार्ससारखे मोठे प्लॅटफॉर्म जवळपास धड होते, विहिरी धड होत्या. पण त्यांचं तेल ज्या एका ठाण्यावरून पुढे जातं, वेस्ट डेल्टा १४३, ते मोडलं. त्यामुळे चालू शकणाऱ्या विहिरी दोन महिने बंद राहिल्या. आपण इतकी वर्षं प्लॅटफॉर्म मजबूत करत आलो आणि सगळ्यांच्या वाटेवरचं एक ठाणं तसंच राहिलं. विजेच्या आठ लाइनींचंही तेच.

निशिगंध ताई, घर दुरुस्त झालं का?

---

निशिगंध | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०, बॅटन रूज

आमचं फक्त कुंपण आणि एक झाड गेलं होतं. त्याच्या शिफ्टमधल्या तिघांच्या छपरांवर अजून निळी ताडपत्री आहे. शनिवार-रविवार तो तिकडेच असतो, हातोडा घेऊन.

---

उरणकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ६.२०, उरण

आपल्याकडे हंगाम सुरू झाला. बार्ज परत समुद्रात निघाल्यात. वाडीतला एक मुलगा पहिल्यांदाच रिगर म्हणून चाललाय, परवा पाया पडायला आला होता. पी-३०५ वरून वाचलेल्यांनी सांगितलं होतं की कितीतरी लाइफ राफ्ट फाटलेल्या निघाल्या. म्हणून त्याला म्हटलं, चढल्या दिवशी राफ्टवरची तपासणीची तारीख स्वतः वाच. लाइफ जॅकेट घालून बघ, शिट्टी वाजते का बघ. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला रोज संध्याकाळी फोन कर, रेंज असो नसो.

त्याने डायरीत लिहून घेतलं.